पत्ता नसलेल्या बेटाचं खातं

सत्तावीस वर्षं बँकेत काढली आणि एकदाही नोटांच्या गड्डीला हात लावला नाही, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. सुट्टीत देवगडला गेलो की त्या शेजारणींना सांगायच्या, “आमची शुभदा अबुधाबीच्या बँकेत असते. पण काउंटरवर नाही बसवत तिला.” सुनेचं काहीतरी चुकलं असावं, अशी काळजी त्यात असायची. मी समजावून सांगायचे आणि त्या मान डोलवायच्या. तुम्हालाही समजावून सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. हा लेख मी रागातच लिहिते आहे. ‘दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं येऊ दे’ असं संपादकांनी सुचवलं होतं. बघू कसं जमतं ते.

आमच्या मजल्यावर माणसं खाती उघडायला येत नसत. आमच्याकडे बँकांचीच खाती असायची. समजा, इथल्याच फुजैराच्या बंदरात काम करणाऱ्या माणसाला आपल्या देशात आईला पैसे पाठवायचे आहेत. त्याच्या देशातल्या बँकेची इथे शाखा नाही. मग ती बँक आमच्याकडे एक खातं ठेवते. हा माणूस इथल्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे पैसे पाठवायच्या दुकानात, दिरहम भरतो, ते त्या खात्यात जमा होतात, आम्ही तिकडे संदेश पाठवतो आणि तिकडची बँक आईच्या हातात तिकडचे पैसे ठेवते. तिकडच्या दुकानदाराला दुबईहून तांदूळ मागवायचा असेल, तर तेच खातं उलट्या दिशेने चालतं. पूर्वी गावात एकाच दुकानात फोन असायचा आणि सगळ्या वाड्यांचे निरोप तिथेच यायचे, तसं हे खातं. मोठ्या देशांकडे असे शंभर फोन असतात. छोट्या देशाकडे एखादाच.

माझ्याकडे असा एक छोटा देश होता. हिंदी महासागरातलं एक बेट. नाव सांगत नाही, कारण नावाने काही फरक पडत नाही. अशी बेटं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची गत सारखीच आहे. बेटावर बँक एक. तिचं बाहेरच्या जगातलं चालू खातं एक, तेही आमच्याकडे. आधी युरोपातल्या दोन बँकांनी तिची खाती बंद केली होती. ह्या प्रकाराला आमच्या धंद्यात डी-रिस्किंग असा गोंडस शब्द आहे. मराठीत सांगायचं तर नको ते लचांड झटकून टाकणं. कुठल्या तरी देशात कोणीतरी काळा पैसा फिरवेल, त्याचा दंड आपल्याला बसेल, त्यापेक्षा तो देशच नको. हे ठरवणारी आमची इमारत अबुधाबीत, म्हणजे समुद्रातल्या एका बेटावरच उभी होती, ह्याचं तिथे कोणालाच हसू आलं नाही.

त्या बेटावरच्या बँकेच्या प्रमुख फातुमाबाई. सगळे त्यांना मादाम फातुमा म्हणत. वयाने माझ्याएवढ्याच, आवाज खणखणीत. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण त्यांचं इंग्रजी त्यांच्याच चालीचं होतं, आणि मध्ये मध्ये लाडाचं ‘हबीबती’ आणि ‘इन्शाल्ला’ असायचंच. रोज फोन व्हायचा, कारण रोज काहीतरी अडकायचं. आमच्याकडे प्रत्येक व्यवहार एका संगणकातून जातो. त्याला शंका आली की तो व्यवहार थांबवतो आणि कोणीतरी प्रश्न विचारतो. एकदा एका खलाशाने घरी पैसे पाठवले आणि कारण लिहिलं, ‘बोकड’. मुलीच्या बारशाचा बोकड. आमच्या तपासणीतल्या मुलाने प्रश्न पाठवला: कोणता बोकड, विक्रेता कोण, बिल जोडा. मी फातुमाबाईंना फोन केला तेव्हा मला लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, “शुभदा, बिल नाही. फोटो चालेल?” दुसऱ्या दिवशी फोटो आला. मध्ये बोकड, एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला फातुमाबाई स्वतः, बोकडाचं दावं धरून. पैसे सुटले. तो फोटो पुढे बरीच वर्षं माझ्या टेबलावर होता.

पण बोकडाचा फोटो काढता येतो, पत्त्याचा कसा काढणार? खरं दुखणं पत्त्याचंच होतं. नियम आला की पैसे घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा: घर क्रमांक, रस्ता, पिन. बेटावर रस्त्यांना नावं नव्हती. घरांना क्रमांक नव्हते. फातुमाबाईंच्या बँकेकडून पत्ते यायचे ते असे: ‘मशिदीकडून समुद्राकडे तिसरं घर, निळं दार, फणसाचं झाड पडलं होतं तिथे.’ संगणक असा पत्ता बघितल्याबरोबर लाल व्हायचा.

तपासणी विभागाचा प्रमुख अनिकेत. पुण्याचा, हुशार, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. एकटे असलो की मला ताई म्हणायचा. त्याच्या केबिनमध्ये जाऊन मी भांडले.

“अरे, फणसाचं झाड पडलं होतं तिथे, हे त्या गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. यापेक्षा पक्का पत्ता कोणता?”

“ताई, सिस्टीमला फणस कळत नाही ना. आय नीड अ स्ट्रक्चर्ड अ‍ॅड्रेस.”

“तू काल घरी बिर्याणी मागवलीस, तेव्हा ड्रायव्हरला काय सांगितलंस?”

तो हसला. “मस्जिद के पीछे, फार्मसी के बाजू में.”

“मग? तुझा पगार रोखायचा का?”

“हे वेगळं आहे, ताई.”

हे ‘वेगळं आहे’ मी पुढे खूपदा ऐकलं. अलीकडे इथे रस्त्यारस्त्यावर पाट्या लागल्या आहेत, पण आम्ही आलो तेव्हा ह्या अख्ख्या देशात घरपोच टपाल नव्हतं. पत्ता म्हणजे ऑफिसचा पोस्ट बॉक्स. माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये भारतातला कायमचा पत्ता काय होता? मु. पो. अमुक, वरची वाडी, ता. देवगड. ना रस्ता, ना घर क्रमांक. सत्तावीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही की वरची म्हणजे कशाच्या वरची. मी मोठ्या देशाची होते ना! मोठ्या देशाच्या माणसाची वाडीही चालते आणि छोट्या देशाचं निळं दार संशयास्पद ठरतं. मला ह्याचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

वरची वाडी डोक्यात होती म्हणूनच मला उपाय सुचला. आमच्याकडे ग्रामपंचायत घरपट्टीसाठी प्रत्येक घराच्या चौकटीवर क्रमांक रंगवते. रस्ता असो नसो, घराला आकडा असतो. मी फातुमाबाईंना फोन केला आणि विचारलं, “मादाम, तुमच्याकडे रंग आहे?”

“होड्यांचा आहे. निळा. का?”

मी सांगितलं. वाडीचं नाव, पुढे क्रमांक, झालं. सरकारचा हुकूम लागत नाही, फक्त सगळ्यांनी मान्य करायला हवं. मला वाटलं, त्यांना राग येईल. पण त्या म्हणाल्या, “हबीबती, आमच्या बँकेत नऊ माणसं आहेत. पण शाळा आता सुट्टीत बंद आहे. मास्तर लोक रिकामेच आहेत.”

आणि त्या बाईने बेट रंगवलं. अक्षरशः. बँकेची माणसं आणि शाळेतले मास्तर डबे-ब्रश घेऊन वाडी-वाडी फिरले. रोज संध्याकाळी मला हालहवाल मिळायची. एका म्हातारीने ब्रश हिसकावून घेतला, कारण आकडे फक्त तुरुंगातल्या माणसांना देतात असं तिचं म्हणणं होतं. एका वाडीत एक नंबर कोणाला, ह्यावरून दोन भाऊबंदांत जुंपली. मी कोकणातली, मला हे काही नवीन नव्हतं. “मग काय केलंत?” मी विचारलं. “एक नंबर मशिदीला दिला,” फातुमाबाई म्हणाल्या. “आता बोला म्हटलं कोणाला बोलायचं ते.” पुढे प्रत्येक वाडीत त्यांनी हीच युक्ती केली.

काम संपलं तेव्हा त्यांनी सगळ्या ग्राहकांचे नवे पत्ते पाठवले. अनिकेतच्या संगणकाने ते मुकाट्याने घेतले. लाल दिवे बंद झाले. कित्येक आठवडे माझा फोन वाजला नाही आणि खरं सांगते, मला करमेना. मीच मग फातुमाबाईंना फोन करायला लागले, उगाचच. त्यांच्या धाकट्या मुलीचं शिक्षण, माझ्या मुलाचं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणं, गुडघे, असं सगळं बोलणं चालायचं. आपण एका देशाला पत्ता मिळवून दिला, असा थोडा ताठाही मला आला होता. तो फार दिवस टिकला नाही.

वर्षाच्या शेवटी आमच्याकडे एक बैठक असते. सगळ्या बँकांची खाती पडद्यावर येतात आणि कोणतं ठेवायचं, कोणतं नाही हे ठरतं. बेटाचं नाव आलं. समोर शिफारस होती: बंद करा.

मला वाटलं, जुना कागद चुकून आला. “पत्त्यांचा प्रश्न सुटलाय,” मी म्हटलं.

“येस, अ‍ॅब्सोल्यूटली,” अनिकेत म्हणाला. “डेटा इज परफेक्ट. ऑनेस्टली, इट्स द क्लीनेस्ट फाइल वी हॅव.”

“मग बंद का?”

उत्तर आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी दिलं. ते नुकतेच लंडनहून आले होते. ह्या खात्यातून मिळतं किती आणि तपासायला खर्च किती, एवढंच त्यांनी दाखवलं. खर्च जास्त होता. बेटावर गुन्हा नव्हता, संशय नव्हता, चूक नव्हती. बेट लहान होतं. जोखमीचं नाव पुढे करून वर्षभर ज्यांना पळवलं, त्यांच्यात जोखीम नाही असं सिद्ध झाल्यावर आता फायद्याचं नाव पुढे आलं.

मी विचारलं, “त्यांचं हे एकच खातं आहे. ते गेल्यावर ह्या माणसांचे पैसे कुठून जाणार?”

साहेब शांतपणे म्हणाले, “तुम्ही म्हणता ती गोष्ट खरी आहे. पण ती आपली जोखीम नाही.”

मी आवाज चढवला. बैठकीत बायकांनी आवाज चढवला की काय होतं ते नोकरी केलेल्या सगळ्या जणींना माहीत आहे. पाणी पुढे सरकवलं गेलं. नंतर मी वरपर्यंत लिहिलं, दोन मजले चढून भेटले, आणि मिळालं काय, तर तीन महिन्यांची मुदत. तेवढ्यात फातुमाबाईंनी दुसरी बँक शोधावी. त्यांनी शोधून पाहिली, मिळाली नाही. मीही माझ्या ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. एकाने हसून विचारलं, “शुभदा, तुम्हाला नको असलेलं खातं मी का घेऊ? तुम्ही का सोडताय, ते आधी सांग.” म्हणजे आम्ही सोडलं हाच आता त्यांच्यावर डाग.

त्याच दिवसांत लिफ्टजवळ अनिकेत भेटला. “ताई, पर्सनली मला पण वाईट वाटतं. पण खलास झालं ते आता.”

“पर्सनली कोणाला वाईट वाटलं नाही अशी बैठक मी अजून बघितली नाही,” मी म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरं झालं.

मुदतीचं पत्र आधीच गेलं होतं. अशा पत्रात कारण लिहायचं नसतं, ‘आमच्या धोरणात्मक आढाव्यानंतर’ एवढंच. तोंडीही काही सांगायचं नाही, असा दंडक. पत्र पोचलं त्याच दिवशी फातुमाबाईंचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखाच होता, हेच मला जास्त लागलं.

“शुभदा, आमचं काय चुकलं तेवढं सांग. मी दुरुस्त करते. रंग अजून शिल्लक आहे.”

मी केबिनचं दार लावलं आणि दंडक मोडला. “मादाम, तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्ही लहान आहात, एवढंच.”

मग त्या म्हणाल्या, “त्यावर नंबर रंगवून उपयोग नाही.”

खातं बंद झालं. तांदूळ आणि डिझेल मागवायला बेटावरचे व्यापारी आता दोन-तीन देशांतल्या दलालांमार्फत पैसे फिरवू लागले. प्रत्येक जण आपला हिस्सा कापून घेई आणि तो भाताच्या ताटातून वसूल होई. फातुमाबाईंच्या बँकेचं बाहेरचं काम संपलं, नऊतली पाच माणसं घरी गेली. आणि आमच्या तिमाही अहवालात त्या बेटाच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. जोखीम शिल्लक नाही, असा त्याचा अर्थ.

जोखीम कुठे गेली ते मला फुजैराच्या मासळी बाजारात कळलं. माझे यजमान तिथल्या तेलाच्या टर्मिनलमध्ये होते, त्यामुळे आमचे शनिवार-रविवार फुजैरात जात. बाजारात सईदची ओळख जुनी. तो त्या बेटावरचाच. जहाजांना तेल पोचवणाऱ्या बार्जवर तो स्वयंपाकी होता, आणि सुरमई पारखण्यात माझ्या तोडीचा. मी बँकेत आहे कळल्यावर पहिल्यांदाच त्याने विचारलं होतं, “मॅडम, मेरा पैसा आप रोकती हो?” तेव्हापासून आमची दोस्ती.

खातं बंद झाल्यावर काही महिन्यांनी तो दिसला, तर हातात मासळी नव्हती. घरी निघाला होता, सुट्टीवर.

“पैसे कसे पाठवता आता?” मी विचारलं.

“भेजना क्या, मॅडम. जो घर जाता है वो लेके जाता है. इस बार मेरा नंबर.”

बंदरातल्या त्याच्या सगळ्या गाववाल्यांचे पगार तो पिशवीतून नेणार होता. विमानतळावर सगळं सांगतो, कागद भरतो, लपवत काही नाही. पण झोप लागत नाही म्हणाला. विमान, मग बोट, मग दोन महिन्यांच्या सुट्टीतला पहिला आठवडा दारोदार. “अच्छा हुआ मादाम ने घर को नंबर लगाया,” तो म्हणाला. “पहले पूछना पडता था. अब सीधा दरवाजे पे.”

त्याला हे चांगलं वाटलं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र यजमानांचं डोकं खाल्लं. प्रत्येक दिरहम कोणाचा, कुठून आला, कुठे गेला, हे उजेडात दिसणारी एक वाट होती. काळा पैसा थांबवायचा म्हणून ती वाट आम्हीच बुजवली, आणि प्रामाणिक माणसांचे पैसे पिशवीत घातले. आता ते कोणालाच दिसत नाहीत, म्हणून आमचा ठिपका हिरवा. हे करणाऱ्यांना त्या वर्षी चांगला बोनस मिळाला. मलाही मिळाला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात केक कापला, अनिकेतने छान भाषण केलं, ‘द कॉन्शन्स ऑफ द फ्लोअर’ वगैरे. त्यानंतर पंधरा दिवसांनी फातुमाबाईंचा फोन आला. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मला जाणं शक्य नव्हतं, विमानांचा आणि बोटींचा मेळ बसेना. पण आहेर तर पाठवायला हवा. पाचशे एक दिरहम ठरवले, म्हणजे आपले अकरा-बारा हजार रुपये. वरचा एक आमच्यात लागतोच.

फोनवर माझ्याच बँकेचं अ‍ॅप उघडलं. देशांची यादी आली. ते बेट यादीत नव्हतं. दुसऱ्या बँकेत विचारलं, एक्स्चेंजमध्ये विचारलं. काउंटरवरची मुलगी केरळची, फार गोड. म्हणाली, “सॉरी मॅडम, नो सर्व्हिस. आपको वहाँ क्यूँ भेजना है?” पैसे एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं. आता माझ्याकडे पैसे होते, माणूस होता, घराचा नंबरसुद्धा होता, आणि पाठवायला वाट नव्हती.

मग पाकीट घेतलं. नोटा घातल्या, वर एक दिरहमचं नाणं चिकटवलं, फातुमाबाईंचं नाव, वाडी आणि क्रमांक लिहिला आणि फुजैराला गेले. सईद पुन्हा निघणार होता. बंदराजवळच्या चहाच्या दुकानाबाहेर त्याच्याभोवती गाववाल्यांची रांग होती. मीही रांगेत उभी राहिले. लोकांनी पुढे जाऊ दिलं, पण मी नको म्हटलं.

माझी पाळी आली. सईदने पाकीट घेतलं, नाणं चाचपून पाहिलं आणि हसला. मग एकदम ओशाळल्यासारखा झाला.

“मॅडम, माफ करना. सबसे पूछता हूँ, एअरपोर्ट पे मेरे से पूछते हैं. ये पैसा कहाँ से आया?”

“पगाराचे आहेत,” मी म्हटलं. “सॅलरी.”

“कौन सी कंपनी?”

मागे रांग थांबली होती. मी त्याला माझ्या बँकेचं नाव सांगितलं.